बिघाडापुरतं इंग्रजी

तिला सगळे भिंगरी म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण हजेरी घेणाराही भिंगरीच पुकारतो. चाळिशी उलटली तरी बाई एका जागी ठरत नाही. चहा चालता चालता पिते, भांडते तेही चालता चालता. एकदा डॉक्टरने नाडी धरलेली असताना खिडकी आपटते म्हणून ही उठली आणि लावून आली. डॉक्टर हात तसाच हवेत धरून बसला होता. सोबत मी होते, म्हणून सांगते.

आमचा कारखाना कपडे धुण्याचा. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, कुठल्या कुठल्या वसतिगृहांचे अभ्रे. मी मळका माल वेगळा करते आणि संघटनेचं काम बघते. भिंगरी रोलरवर. रोलर म्हणजे वाफेवर तापलेला, माणसाच्या कमरेइतका जाड लोखंडी दंडगोल. एका बाईने ओली चादर पुढून घालायची, दुसरीने मागून कडकडीत वाळलेली झेलायची. घालणारी भिंगरी, झेलणारी तिची थोरली जाऊ. दोघी एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर रांधतात. सकाळी स्वयंपाकघरात सुरू झालेलं भांडण रोलरवर संपतं, नाहीतर रोलरवर सुरू झालेलं रात्री घरी नेतात. चादरींसारखीच त्यांची भांडणंही रोज नवी नसतात, धुऊन परत आलेली असतात.

रोलरच्या तोंडापुढे एक आडवी दांडी आहे. चादर घालताना हात फार आत गेला की मनगट दांडीला लागतं आणि रोलर जागच्या जागी थांबतो. बोटं वाचावीत म्हणून ती दांडी. पण टेबलक्लॉथ जाड असतात, त्यांच्या दुमडी दांडीला घासतात आणि रोलर उगाच थांबत राहतो. थांबला की माल मागे पडतो, माल मागे पडला की साहेबाचं तोंड सुटतं. म्हणून बायका काय करतात, एक रुमाल घडी घालून दांडीच्या बुडाशी ठोकून बसवतात. मग दांडी हलतच नाही. आमच्या भाषेत याला दांडी झोपवणं म्हणतात. सगळ्या झोपवतात. गेल्या वर्षी तिसऱ्या रोलरवरच्या बाईची बोटं आत गेली तेव्हाही दांडी झोपलेलीच होती. चौकशीचा साहेब आला तेव्हा मात्र दांडी जागी सापडली. तोवर कोणीतरी रुमाल काढून घेतला होता. त्या बाईची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

त्या दिवशी भिंगरी शेजारच्या रोलरवर होती. ‘बंद करा, बंद करा’ म्हणून ती ओरडत धावली, पण बंद करणार कोण? जुन्या मालकाच्या वेळी बटण उघड्यावर होतं, कोणीही दाबावं. नव्या कंपनीने ते पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं, आणि किल्ली शिफ्टच्या इनचार्जकडे दिली. का, तर बायका उठसूट मशीन थांबवतात. इनचार्ज मालाच्या गाडीपाशी होता, किल्ली त्याच्या खिशात. तो येईपर्यंत जे व्हायचं ते झालं.

तेव्हापासून भिंगरीच्या डोक्यात ती किल्ली फिरत होती. इनचार्ज निवृत्त होणार असं कळलं तशी ती साहेबाच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "साहेब, मला करा."

साहेब हसला. वाईट माणूस नाही तो, पण हसण्याची वेळ त्याला कळत नाही. म्हणाला, "अगं, चार्ज इंग्रजीत द्यावा लागतो."

चार्ज देणं म्हणजे शिफ्ट संपताना काय चाललं, काय बिघडलं ते फोनवर इंजिनीअरला सांगणं. हा इंजिनीअर दुसऱ्या शहरात बसतो. त्याला आमची भाषा येत नाही. इतकी वर्षं आमच्या मशीनींच्या जिवावर पगार घेतोय, पण त्याने आमची भाषा शिकावी असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. आम्ही त्याची शिकायची. बरं, शिकू! इंग्रजी काही कोणाच्या बापाची जहागीर नाही.

"येईल की," भिंगरी म्हणाली.

साहेबाने मालाच्या खिडकीवरच्या कारकुनालाही उमेदवार धरलं. आम्ही त्याला चष्मिस म्हणतो. पोरगा सरळ आहे, इंग्रजी चांगलं बोलतो, फक्त वाफेजवळ गेला की चष्म्यावर धुकं येतं आणि तो भिंत चाचपत बाहेर पडतो. दोघांनी आळीपाळीने काही दिवस इनचार्जचं काम बघायचं, चार्ज द्यायचा, मग इंजिनीअर ठरवेल, असं ठरलं.

भिंगरीच्या घराच्या वर एक म्हातारे राहतात. जन्मभर कचेरीत टायपिंग केलं, म्हणून टायपिस्ट काका. त्यांच्याकडे ती शिकायला लागली. पहिल्या दिवशी काकांनी काळांचे तक्ते काढले. भिंगरी दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत ऐकत होती. अखेर म्हणाली, "काका, एवढं सगळं मी कोणाला सांगू? माझ्याकडे काय बिघडलं तेवढंच सांगायचंय मला."

"म्हणजे भूतकाळ."

"भूत असो नाहीतर काळ. मशीन बंद पडलं, हे सांगता आलं पाहिजे."

काकांनी तक्ते बाजूला ठेवले. जरा विचार केला आणि म्हणाले, "मग तुला दोन-दोन शब्दांच्या जोड्या पुरतील. आधी क्रियापद, मग विशेषण. वेंट म्हणजे गेलं. वेंट बॅड म्हणजे नासलं. वेंट मिसिंग म्हणजे हरवलं. वेंट मॅड म्हणजे वेड लागलं. वेंट डेड म्हणजे बंद पडलं. हे वेंट बहुधा वाईटाकडेच जातं बघ."

"मग आपल्यासारखंच. वाया जातं म्हणतो आपण. कामी मात्र येतं."

काका खूश झाले. "तसंच केम. केम ट्रू म्हणजे खरं ठरलं."

"म्हणजे केम चांगल्या घरचं."

"कसलं चांगल्या घरचं! केम लूज म्हणजे सैल झालं. पट्टा सैल झाला, नट सैल झाला."

"म्हणजे त्याचाही भरवसा नाही. पुढे बोला."

"फेल म्हणजे पडला. फेल इल, आजारी पडला."

"अहो, हा तर आपलाच!"

"फेल शॉर्ट, कमी पडलं."

"हाही आपलाच! चोरला की काय त्यांनी?"

"फेल सायलेंट म्हणजे गप्प."

"गप्प पडला?" भिंगरी खिडकीपाशी थांबली. "आपल्यात गप्प बसतात."

"त्यांच्यात पडतात."

"बसलेला उठतो तरी, काका. पडलेल्याला उचलायचं कोणी?"

काकांनी तिला रॅन ड्राय, रॅन लो, गॉट वेट, गॉट स्टक, केप्ट वॉर्म, टर्न्ड यलो अशा मूठभर जोड्या दिल्या आणि सांगितलं, "जोडी मोडायची नाही. पाणी संपलं तर रॅन ड्राय. वेंट ड्राय म्हणालीस तरी समजेल, पण रॅन म्हणालीस की समोरच्याला वाटेल, ही बाई रोजची आहे."

आता या जोड्या पाठ कशा करायच्या? बाई पुस्तक धरून बसणारी नव्हेच. तिने रोलरवरच वर्ग भरवला. इकडून चादर घालताना ती क्रियापद ओरडायची, आणि चादर पलीकडे निघेपर्यंत जावेने विशेषण द्यायचं.

"रॅन!"

"ड्राय!"

"केम!"

"लूज!"

"फेल!"

"मॅरीड!" जाऊ म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

"ताई, फेल मॅरीड नसतं. गॉट मॅरीड."

"तुझं गॉट असेल. मी पडलेच. तुझ्या थोरल्या दिराला विचार."

चार दिवसांत हे खूळ सगळ्या रोलरवर पसरलं. मला मळक्या मालाच्या ढिगाऱ्यात ऐकू यायचं: वेंट मिसिंग, टर्न्ड यलो. एकदा साहेब फेरी मारत आला. भिंगरी चादर घालता घालता म्हणाली, "गॉट!" जावेने साहेबाच्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "फॅट." साहेबाने विचारलं, "काय चाललंय?" जाऊ म्हणाली, "सुधारतोय साहेब आम्ही."

थोरली जाऊ तशी तोंडाची फटकळ, पण धाकटीला चार्ज मिळावा असं तिलाही वाटत होतं. निदान तोवर वाटत होतं. घरी जेवताना नवऱ्याला सांगायची, "उद्यापासून तुमच्या भावजयीशी नीट बोला, ती फोनवर इंग्रजीत बोलते."

आणि ती बोललीच. पहिल्या दिवशी फोन हातात धरून ती केबिनमध्ये गोल गोल फिरत होती. फोनची दोरी टेबलाच्या पायाला गुंडाळली गेली. साहेब दोरी सोडवत होता आणि ही सांगत होती, "सर, बॉयलर वॉटर रॅन लो. फिल्ड अगेन. बेल्ट टू केम लूज. टाइट नाऊ. वन ट्रॉली वेंट मिसिंग. टू विमेन फेल इल, वेंट होम." पलीकडून इंजिनीअर म्हणाला, "गुड." चष्मिसने त्याच्या दिवशी याहून लांबलचक आणि याहून देखणी वाक्यं बोलून दाखवली. इंजिनीअर त्यालाही गुड म्हणाला. दोघांचं पारडं सारखंच होतं. भिंगरीला रात्री झोप येईना, ती अंगणात फिरायची. जाऊ आतून ओरडायची, "अगं, पडून राहा की मेले, जमीन झिजवतेस!"

शेवटचा दिवस भिंगरीचा होता. आणि नेमका त्याच दिवशी एका मोठ्या हॉटेलाचा टेबलक्लॉथचा डोंगर येऊन पडला. संध्याकाळच्या गाडीने सगळा परत जायला हवा होता. साहेब सकाळीच सांगून गेला, "आज काही राहता कामा नये."

भिंगरी इनचार्ज, म्हणून तिच्या जागी चादर घालायला जाऊ उभी राहिली आणि झेलायला नवी आलेली एक बाई. भिंगरीने किल्ली गळ्यात दोरीला बांधली होती. ती रोलरपाशी आली आणि सवयीने तिने दांडीला हाताची पालथी बाजू मारून पाहिली. रोलर थांबला नाही.

"ताई, झोपवलीत?"

"मग काय करू? दर दुमडीला थांबतोय मेला."

भिंगरीने रुमाल ओढून काढला. "आज नको."

"आज नको म्हणजे? काल तूच झोपवलीस आणि फेल-मॅरीड करून हसत होतीस."

खोटं नव्हतं. भिंगरी पुढच्या रोलरकडे गेली. परत आली तर रुमाल जागेवर. तिने पुन्हा काढला. या वेळी जाऊ चिडली. "किल्ली गळ्यात पडली नाही तोच मुकादमीण झालीस? घरात मोठी मी आहे."

"घरात आहात. इथे तुमचा हात आत गेला तर थोरला-धाकटा बघत नाही तो रोलर."

"इतकी वर्षं रोलरवर आहे, गेला का?"

"तिचाही इतकी वर्षं गेला नव्हता," भिंगरी म्हणाली आणि तिसऱ्या रोलरकडे बोट केलं. मग एकेक करून तिने सगळ्या रोलरचे रुमाल काढले. बायका पुटपुटल्या. अर्ध्या तासात रुमाल सगळीकडे पुन्हा बसले. मी माझ्या ढिगाऱ्यावरून बघत होते. मधे पडावं असं वाटत होतं, पण कोणाच्या बाजूने? माल वेळेत गेला नाही तर बायकांचीच खरडपट्टी. आणि बोटंही बायकांचीच. हे दुखणं साहेबाने लावलंय आणि भांडताहेत जावा जावा, याचा मला इतका संताप येत होता की मी मळक्या चादरी फाटतील इतक्या जोराने ओढत होते.

जावेच्या रोलरपाशी भिंगरी तिसऱ्यांदा गेली. जाऊ तिच्या डोळ्यांत बघत, मुद्दाम, रुमाल अंगठ्याने आणखी आत ठोकत होती. दुसऱ्या हाताने टेबलक्लॉथ घालत होती. बघत होती भिंगरीकडे, हाताकडे नाही.

भिंगरीने पेटी उघडली आणि बटण दाबलं. एक नाही, सगळी. रोलर थांबले. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये काम करतेय मी, पण वाफेचा बारीक सुसकारा तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"दांड्या जाग्या होईपर्यंत चालू करणार नाही," ती म्हणाली.

बायकांनी रुमाल काढले. रोलर चालू झाले आणि दर दुमडीला थांबत राहिले. संध्याकाळी गाडी आली तेव्हा डोंगराचा एक मोठा कोपरा तसाच उरला होता. गाडी पूर्ण न भरताच गेली.

आता चार्ज द्यायचा होता. केबिनच्या दाराशी बायका गोळा झाल्या. माल का राहिला, हे इंजिनीअर विचारणारच. जावेने भिंगरीचा दंड धरला. राग बाजूला ठेवून, हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, तुला शब्द आलेत ना? सांग, रोलर वेंट डेड. वाफ रॅन लो. मशीनवर ढकल आणि मोकळी हो. तुला किल्ली मिळेल, आम्हाला कोणी विचारणार नाही. मशीनला काय, तिची नोकरी जात नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

चष्मिसही तिथे होता. तोही म्हणाला, "वेंट डेड म्हटलं तर चालेल. कोणी केलं ते त्यात येत नाही." त्याच्या मनात खोट नव्हती. त्याने आपल्या परीने मदतच केली.

भिंगरी आत गेली. मी संघटनेची म्हणून मलाही घेतलं. साहेब टेबलामागे हात चोळत उभा. फोन लागला. इंजिनीअरने विचारलं, माल का राहिला.

भिंगरी टेबलाला फेऱ्या घालू लागली. मग म्हणाली, "सर, गार्ड बार फेल अस्लीप."

"अस्लीप?" पलीकडचा गोंधळला. दांडी झोपली, असं तिने आमच्या हॉलच्या बोलीतलं उचलून तसंच्या तसं त्याच्यापुढे ठेवलं होतं. साहेब घाईने म्हणाला, "डेड म्हण, डेड."

"डेड नाही," ती साहेबाला म्हणाली आणि फोनमध्ये शिरल्यासारखी बोलू लागली. जोड्या संपल्या तिथे सुटे शब्द, सुटे शब्द संपले तिथे हात. दांडीत रुमाल घालतो. सगळ्या घालतो. मीही घातलाय. माल जास्त, वेळ कमी. गेल्या वर्षी बोटं गेली तेव्हाही रुमाल होता. आज मी सगळे रोलर थांबवले. माल राहिला.

"हू?" इंजिनीअरने विचारलं. "आज कोणी घातला? नावं सांग."

"ऑल," भिंगरी म्हणाली.

"नावं."

"ऑल, सर. मी पण."

त्याने साहेबाला फोन द्यायला सांगितला. साहेब "येस सर, येस सर" म्हणत राहिला आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

निकाल काय लागला? सांगते. सगळ्या रोलरवाल्यांना ताकीद मिळाली. जावेला थोडे दिवस घरी बसवलं, कारण दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या मेकॅनिकने विचारलं तेव्हा ती ठसक्यात म्हणाली, "मी घातला, पुढे बोला." टेबलक्लॉथच्या कामाचा वेग कमी करायचा की नाही, यावर संघटनेचं आणि कंपनीचं अजून चालू आहे. साहेब म्हणतो वरून उत्तर आलं नाही, आणि मी त्याच्या दारातून हलत नाही. किल्ली भिंगरीला मिळाली. इंजिनीअर म्हणाला म्हणे, थांबवणारं माणूस हवं. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण डोकंच तडकलं. थांबवणारं माणूस हवं होतं तर बटणाला कुलूप कशाला घातलं होतं?

घरी जावा बोलत नव्हत्या. एका चुलीवर दोन वेळा स्वयंपाक होत होता. दीर आणि नवरा दोघेही गरम भाकरीच्या आशेने पहिल्या खेपेला जेवायचे आणि दुसऱ्या खेपेला बोलणी खायचे. भिंगरी मला म्हणाली, "ताईंनी नाव सांगितलं स्वतःचं. मी लपवलं होतं, तर त्यांनी सांगितलं. आता मी त्यांच्यापुढे तोंड कसं वर करू?" आणि बोलता बोलता चालायला लागली. पुढचं मला ऐकू आलं नाही.

जाऊ कामावर परतली ती दुसरा रोलर मागून घेऊन. अर्धा हॉल तिच्या बाजूने, अर्धा भिंगरीच्या. जोड्या ओरडणं बंद झालं होतं.

परवाची गोष्ट. मालाचा रेटा होता, फोन वाजत होता, साहेब दारातून खुणा करत होता. जावेने रोलरवरून हात वर केला. "ए इनचार्ज! थांबव."

भिंगरी धावतच गेली. पेटी उघडली, बटण दाबलं. रोलर थांबला. तिने दांडी बघितली, चादर ओढून बघितली, वाकून खाली बघितलं. काहीच नव्हतं.

"काय झालं ताई? हात लागला का?"

"नाही. कंबर भरून आली." जाऊ कठड्याला टेकली, बाटली उघडली आणि सावकाश पाणी प्यायला लागली.

भिंगरीचा चेहरा लाल झाला. मागे फोन वाजतच होता. तिचा एक पाय पेटीकडे वळलेला, एक जावेकडे. सगळा हॉल बघत होता.

"झालं का?"

"दम धर," जाऊ म्हणाली. "अजून अर्धी बाटली आहे."

साहेब दारातून ओरडला, "का थांबलाय तो?"

"मी थांबवलाय," भिंगरी ओरडली, आणि किल्ली मुठीत धरून तिथेच या पायावरून त्या पायावर झुलत राहिली.